मुंबईचे आरोग्य : रुग्णालये शहरात, माणसे उपनगरांत

(उपनगरातील एका वसंत व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



व्याख्यानमालेत ‘आरोग्य’ हा विषय ठेवला की मधुमेह, हृदयविकार, योगासने, आहार यांविषयी काही ऐकायला मिळेल अशा अपेक्षेने श्रोते येतात. ती अपेक्षा रास्तच आहे, पण ती पुरी करण्याचा अधिकार डॉक्टरमंडळींचा. मी पडलो कलाशाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार. बातमीच्या निमित्ताने महानगरपालिकेच्या सभागृहापासून रुग्णालयांच्या अपघात विभागापर्यंत जी पायपीट झाली, तिच्या आधारे मी आज शरीराच्या नव्हे, तर शहराच्या आरोग्याविषयी बोलणार आहे. आपल्या वस्तीत कुणी आजारी पडले तर सार्वजनिक दवाखाना किती अंतरावर आहे, तो केव्हा उघडतो आणि केव्हा बंद होतो, तिथे डॉक्टर आणि औषध दोन्ही एकाच वेळी असतात का, आणि तिथे भागले नाही तर पुढे कुठे जायचे, असे हे अगदी साधे प्रश्न आहेत. या सभागृहातील किती जणांना यांची उत्तरे ठाऊक आहेत, हे मी विचारत नाही. ती ठाऊक असण्याची गरज आपल्याला वाटेनाशी झाली, हाच माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

दातृत्वाने उभे राहिलेले वैभव

प्रारंभी थोडे इतिहासाकडे वळू. सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत मुंबई हे दरिद्री शहर कधीच नव्हते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ साली भायखळ्याला जे. जे. रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्याच शेजारी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्या महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी.

१८८८ साली मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला. सार्वजनिक रुग्णालये आणि दवाखाने स्थापन करणे व चालवणे हे त्या कायद्याच्या कलम ६१ नुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ‘बंधनकारक’ हा शब्द आपण लक्षात ठेवावा. बाग, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव यांसारखी कामे पालिकेच्या इच्छेवर असतात. रुग्णालय आणि दवाखाना मात्र तिच्या इच्छेवर नाही.

१८९६ साली मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत हजारो कुटुंबांनी मुंबई सोडली. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी ग्रँट महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस सिद्ध केली, आणि १८९८ साली दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. गोदीजवळच्या गोदामातला रोग मलबार हिलच्या बंगल्यापर्यंत पोहोचू शकतो, हे त्या काळच्या धनिकांना एका वर्षात कळून चुकले. शहराचे आरोग्य अखंड असते, त्याचे श्रीमंत आणि गरीब असे तुकडे पाडता येत नाहीत, हा धडा या नगरीने असा स्वतःच्या अनुभवातून घेतला.

पुढचा अध्याय स्वाभिमानाचा आहे. असहकाराच्या चळवळीत, १९२१ साली, ‘नॅशनल मेडिकल कॉलेज’ सुरू झाले. डॉ. ए. एल. नायर यांच्या दातृत्वाने त्याला रुग्णालय लाभले आणि पुढे देसाई-टोपीवाले यांच्या देणगीमुळे ते टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. १९२६ साली परळला के. ई. एम. रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. देणगीदारांनी त्यासाठी अट घातली होती की, तेथील अध्यापकवर्ग भारतीय असेल. परक्यांच्या राज्यात, वैद्यकासारख्या क्षेत्रात, अशी अट घालणे ही लहान गोष्ट नव्हती. डॉ. जीवराज मेहता हे त्या संस्थेचे पहिले अधिष्ठाता, आणि तेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९४७ मध्ये शीव येथे लष्कराच्या रिकाम्या बराकींत पन्नास खाटांचे रुग्णालय सुरू झाले. तेच आजचे लोकमान्य टिळक रुग्णालय. आईच्या दुधाला मुकलेल्या नवजात बालकांसाठी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली याच रुग्णालयात सुरू झाली. गरिबांच्या रुग्णालयात केवळ गर्दी असते, ज्ञान आणि कल्पकता नसते, असा ज्यांचा समज आहे त्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवले तरी पुरे.

हा वारसा मी अभिमानाने सांगतो. पण वारसा जपायचा असेल तर त्याचे आज काय झाले आहे, हेही पाहावे लागते.

शहर सरकले, रुग्णालये तिथेच राहिली

मी ज्या संस्थांची नावे घेतली त्यांच्या जागा पाहा : भायखळा, मुंबई सेंट्रल, परळ, शीव. या सर्व जुन्या मुंबईत आहेत, कारण तेव्हा मुंबई तेवढीच होती. गिरण्या परळ-लालबागला होत्या, कामगारांच्या चाळी तिथेच होत्या आणि रुग्णालयेही तिथेच उभी राहिली. ते नियोजन त्या काळासाठी योग्यच होते.

त्यानंतर शहर उत्तरेकडे सरकत गेले. १९५० आणि १९५७ साली दोन टप्प्यांत दहिसर आणि मुलुंडपर्यंतची उपनगरे पालिकेच्या हद्दीत आली. १९९० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, आणि गिरणगावातला मराठी माणूस बोरिवली, भांडुप, डोंबिवली, विरार असा पांगला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे अडीच लाखांनी घटून ३१ लाखांच्या आत आली. उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या त्याच दहा वर्षांत सात लाखांनी वाढून ९३ लाखांच्या वर गेली. दर चार मुंबईकरांपैकी तीन उपनगरांत राहतात, असा याचा अर्थ.

रुग्णालये मात्र माणसांच्या मागे गेली नाहीत. पालिकेची के. ई. एम., नायर आणि शीव ही तिन्ही वैद्यकीय महाविद्यालये शहर जिल्ह्यातच राहिली. उपनगरांतील कूपर रुग्णालयाला महाविद्यालयाची जोड मिळण्यास २०१५ साल उजाडावे लागले. उपनगरे पालिकेत आली त्याला तोवर अर्धशतक उलटून गेले होते.

उपनगरांसाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घाटकोपरचे राजावाडी, वांद्रे आणि कुर्ल्याची भाभा रुग्णालये, सांताक्रूझचे वि. ना. देसाई, कांदिवली आणि गोवंडीची शताब्दी रुग्णालये या साऱ्यांनी आपापल्या परिसराचा भार वाहिला आहे. परंतु त्यांचे दुखणे निराळे आहे. इमारत असते, खाटा असतात, पण अतिदक्षता विभाग अपुरा. यंत्र असते, ते चालवणारा तंत्रज्ञ नसतो. दिवसा शल्यविशारद असतो, रात्री नसतो. मग रात्री दोन वाजता ‘शीवला न्या’ किंवा ‘के. ई. एम.ला न्या’ असे सांगितले जाते आणि रुग्ण पुन्हा रुग्णवाहिकेत चढवला जातो. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत पहिला तास किती मोलाचा असतो, हे मी सांगायला नको. तो तास पूर्व द्रुतगती महामार्गावर खर्च होतो.

त्यातच पुनर्बांधणीचा फेरा. बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अग्रवाल, गोरेगावचे सिद्धार्थ या रुग्णालयांच्या नव्या इमारतींची त्या त्या भागातील नागरिकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. जुनी इमारत धोकादायक झाली तर ती पाडलीच पाहिजे, याविषयी वाद नाही. प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. एका रुग्णालयाला टाळे लागते तेव्हा त्याचे रुग्ण नाहीसे होत नाहीत, ते शेजारच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात जाऊन झोपतात. मुंबईच्या सीमेपलीकडे, कळव्याच्या ठाणे महानगरपालिकेच्या रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला धक्का बसला. त्या वेळी ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलवलेले होते आणि कळव्यावरचा भार वाढलेला होता. मृत्यूंची कारणे रुग्णागणिक वेगळी असतील. पण एका जिल्ह्याचा भार दुसऱ्या एका इमारतीने वाहावा अशी अपेक्षा करताना त्या इमारतीत माणसे आणि साधने किती वाढवली, हे विचारणे आपले काम आहे.

सर्वांत खालची पायरी

मोठ्या रुग्णालयांच्या गर्दीची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहतो. के. ई. एम.च्या बाह्यरुग्ण विभागात वर्षाकाठी सुमारे अठरा लाख रुग्ण तपासले जातात. सुट्ट्या वगळून वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दिवसाला सहा हजार. एखाद्या मोठ्या गावाची वस्ती रोज सकाळी परळच्या त्या दारात येऊन उभी राहते.

यांतील किती जणांना खरोखर के. ई. एम.ची गरज असते? तिथल्या कुणाही निवासी डॉक्टरला विचारा. ताप, खोकला, खरूज, रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाची नेहमीची तपासणी हे सारे घराजवळच्या दवाखान्यात व्हायला हवे. ते तिथे होत नाही म्हणून ते परळला येते. आणि ते परळला येते म्हणून ज्याला मेंदूची शस्त्रक्रिया हवी आहे त्याला तारीख मिळत नाही. मोठ्या रुग्णालयाचा आजार लहान दवाखान्यात सुरू होतो, तो असा.

पालिकेचे दवाखाने अनेक आहेत. पण त्यांची वेळ परंपरेने कार्यालयाची, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास उघडायचे आणि दुपारी चारच्या सुमारास बंद करायचे. आता ही वेळ कुणाच्या सोयीची? मानखुर्दच्या वस्तीतली घरकाम करणारी एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. ती सहाला घर सोडते आणि पाचला परतते. मुलाला ताप आला तर दवाखान्यासाठी तिला दिवसाचा रोज बुडवावा लागतो. म्हणून ती पहिले दोन दिवस औषधाच्या दुकानातून गोळी आणते. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या, पदवी आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या ‘डॉक्टर’कडून सुई टोचून घेते. चौथ्या दिवशी मूल निपचित पडते तेव्हा रिक्षा करून शीवला नेते. सरकारी दवाखाना तिच्या घरापासून दहा मिनिटांवर होता. पण ती आणि दवाखाना एकाच वेळी कधी मोकळे नव्हते. अशा बायका मी रुग्णालयांच्या पायऱ्यांवर किती पाहिल्या, त्याचा हिशेब ठेवलेला नाही.

याची किंमत काय असते, ते २०२२ च्या अखेरीस दिसले. गोवंडीत गोवराची साथ पसरली, आणि कस्तुरबा रुग्णालयाचे बालकांचे कक्ष भरून गेले. लहान मुले दगावली. गोवर हा काही नवा, अनोळखी रोग नव्हे. नवव्या महिन्यात एक आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसरी, अशा दोन लशींनी तो टळतो. लस मोफत आहे, मुबलक आहे. कोरोनाच्या काळात लसीकरणाची घडी विस्कटली, काही कुटुंबांनी लस टाळली, काहींनी घर बदलले आणि नोंद तुटली. हे सारे वेळीच हेरणारी यंत्रणा म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्यसेविका आणि वस्तीतले आरोग्यकेंद्र. गोवराचे उत्तर के. ई. एम.मध्ये नाही. ते त्या सेविकेच्या वहीत आहे, आणि तिच्या मानधनाचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत असतो.

क्षयरोगाचेही तसेच. शिवडीला क्षयरोगासाठी मोठे रुग्णालय आहे. पण क्षयाचा रुग्ण बरा होतो तो सहा महिने न चुकता औषध घेतल्याने. पहिल्या दोन महिन्यांत बरे वाटू लागते, कामावर जायची ओढ लागते, औषध सुटते, आणि मग औषधांना दाद न देणारा क्षय घरात शिरतो. औषध सुटू नये म्हणून कुणीतरी दारावर थाप मारणारे लागते.

शहरी आरोग्य अभियान २०१३ साली सुरू झाले. त्याचा निकष असा की, साधारण पन्नास हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्यकेंद्र असावे. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे किमान अडीचशे केंद्रे हवीत, तीही पूर्ण वेळ चालणारी. या दिशेने एक स्वागतार्ह पाऊल नोव्हेंबर २०२२ मध्ये पडले. ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ या योजनेत रात्री दहापर्यंत चालणारे दवाखाने वस्त्या-वस्त्यांत सुरू झाले, आणि पुढे त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. कष्टकऱ्याच्या वेळेला प्रथमच शासकीय वेळापत्रकात स्थान मिळाले. म्हणून तर त्या योजनेकडे अधिक डोळसपणे पाहिले पाहिजे. पत्र्याच्या तात्पुरत्या खोलीत आणि कंत्राटी डॉक्टरवर उभा असलेला दवाखाना किती काळ टिकतो? जुना दवाखाना आणि नवा दवाखाना यांची नोंद एकमेकांना कळते का? तिथून पुढे पाठवलेल्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभे राहावे लागते का? फलकावर नाव कोणाचे आहे, यापेक्षा हे प्रश्न महत्त्वाचे आहेत.

आपण पाठ केव्हा फिरवली?

आता थोडे कटू बोलतो. पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींनी आठवून पाहावे. आपल्यापैकी कितीतरी जणांचा जन्म पालिकेच्या प्रसूतिगृहात झाला. देवीची लस पालिकेच्या दवाखान्यात टोचली गेली. आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन जे. जे.मध्ये आणि वडिलांचे हर्नियाचे के. ई. एम.मध्ये झाले. शिक्षक, कारकून, गिरणी कामगार, दुकानदार सारे त्याच रांगेत होते. त्या रांगेत लिहिता-वाचता येणारा, अर्ज करणारा, वृत्तपत्राला पत्र पाठवणारा, नगरसेवकाला हाक मारून विचारणारा माणूस उभा असे. म्हणून ती रांग जरा सरळ चालत असे.

एका पिढीत आपण त्या रांगेतून बाहेर पडलो. मेडिक्लेम आला, कॅशलेस आले, वातानुकूलित खोली आली. यात गैर काही नाही. ज्याला परवडते त्याने सोय का शोधू नये? पण आपण बाहेर पडताना आपला आवाजही सोबत घेऊन गेलो. मागे उरले ते असे लोक, ज्यांच्या तक्रारीला वजन नाही. रस्त्यातल्या खड्ड्याविषयी आपण चिडून बोलतो, कारण त्या रस्त्याने आपली गाडी जाते. दवाखान्यात तीन महिने डॉक्टर नाही, हे आपल्याला कळतही नाही. मुंबई महानगरपालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे ७४ हजार कोटी रुपयांचे होते आणि त्यातला साधारण दहावा भाग आरोग्यासाठी होता. अनेक राज्यांना हेवा वाटावा अशी ही रक्कम. ती दवाखान्याच्या दारापर्यंत कशी पोहोचते हे पाहणारा डोळाच नसेल तर रक्कम कितीही वाढवून उपयोग काय?

आणि आपण खरोखर बाहेर पडलो आहोत का? ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले. पहिल्या वर्गाच्या डब्यांतले ते प्रवासी आपल्यासारखेच नोकरदार, व्यावसायिक होते. त्यांना भाभा, कूपर, शीव, के. ई. एम., भगवती इथेच नेले गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री जखमींचा लोंढा जे. जे. आणि सेंट जॉर्जमध्ये आला. कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले असताना परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवती महिलांना सुरक्षित खोलीत हलवून त्यांचे प्राण वाचवले. १ एप्रिल २०२० ला धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा घरोघरी ताप मोजत फिरले ते पालिकेचे कर्मचारी, आरोग्यसेविका, स्थानिक डॉक्टर आणि स्वयंसेवी कार्यकर्ते. त्या साथीत खाटांचे वाटप एका मध्यवर्ती कक्षातून जमेना, तेव्हा चोवीसही विभाग कार्यालयांत ‘वॉर रूम’ उघडाव्या लागल्या आणि मग गाडी रुळावर आली. ज्या विभाग पातळीकडे आपण एरवी ढुंकून पाहत नाही, तिनेच तेव्हा शहर सावरले. संकटाच्या रात्री आपण सारे सार्वजनिक रुग्णालयाचेच रुग्ण असतो.

सेवा आणि कर्तव्य

या सभागृहात सेवाकार्यात आयुष्य घातलेली मंडळी बसली आहेत. परळच्या नाना पालकर स्मृती समितीचे काम आपल्याला ठाऊक आहे. टाटा आणि के. ई. एम.मध्ये गावोगावाहून येणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना तिथे निवारा मिळतो, अल्प दरात डायलिसिस होते. गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळांनी किती कुटुंबांना पदपथावरून छपराखाली आणले! रक्तदान शिबिरे, रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे, फिरते दवाखाने ही आपल्या समाजाची मोठी पुंजी आहे.

तरीही एक गोष्ट नम्रपणे मांडतो. सेवा ही शासनाच्या कर्तव्याला पूरक असते, पर्यायी नव्हे. आपण शिबिर भरवले आणि दोनशे जणांचा रक्तदाब मोजला. त्यांतल्या चाळीस जणांना औषध हवे असे निघाले. पुढे? रक्तदाबाची गोळी रोज लागते, शिबिर वर्षातून एकदा होते. त्या चाळीस जणांना जवळच्या दवाखान्याशी जोडून दिले नाही, तर आपण त्यांना केवळ एक चिंता भेट दिली. दवाखान्यात गोळी नसेल तर ती का नाही हे विचारणे हीसुद्धा सेवाच आहे. तिला हारतुरे मिळत नाहीत, एवढाच काय तो फरक.

विम्याविषयीही हेच म्हणता येईल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढवली गेली, ही मोठी गोष्ट आहे. पण अशी योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते. रोजची गोळी, बाळाची लस, गर्भवतीची तपासणी तिच्यातून होत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील शंभरांपैकी ३९ रुपये लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये हा आकडा ६४ होता; सुधारणा निश्चितच आहे. पण गरिबाच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा वाटा औषधांवर आणि तपासण्यांवर जातो, आणि तो वाचवण्याची जागा वस्तीतला दवाखाना हीच आहे.

आपल्या हातात काय आहे?

केवळ टीका करून थांबणे ही पत्रकाराची सोय झाली. कार्यकर्त्याला काम लागते. म्हणून चार-पाच गोष्टी सुचवतो.

पहिली, आपापल्या भागाची माहिती करून घ्या. दोन-चार जणांनी एका रविवारी बसून आपल्या प्रभागातील दवाखाना, आरोग्यकेंद्र, प्रसूतिगृह आणि रुग्णालय यांची यादी करावी. मग आठवड्यातल्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तिथे जाऊन पाहावे. मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणती औषधे संपली आहेत, याची माहिती माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने मागता येते. डॉक्टरांना जाब विचारायला म्हणून जाऊ नका. रिकाम्या पदांचा सर्वाधिक त्रास तिथे हजर असलेल्या डॉक्टरला आणि परिचारिकेला होत असतो, ते तुमचे साथीदार ठरतील.

दुसरी, स्वतः तिथे जा. नातवंडाची लस, स्वतःचा रक्तदाब, साखरेची तपासणी यासाठी एकदा तरी पालिकेच्या केंद्रात पाऊल ठेवा. आपण तिथे दिसू लागलो की त्या जागेचे वातावरण बदलते. ज्या रांगेतून आपला आवाज निघून गेला, तिथे तो परत नेण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

तिसरी गोष्ट धर्मादाय रुग्णालयांची. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ अअ नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली आखून दिलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या आहेत. देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णनिधीत जमा करायची आहे. आणीबाणीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेऊन त्याचे प्राण वाचवणारे उपचार करायचे आहेत. हे सारे अनेकांना ठाऊक नसते. शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेवर हाताशी नसल्याने हक्काची खाट हुकते. प्रत्येक वस्तीत ही कागदपत्रे आजारपण येण्याआधीच तयार करून देणारे दोन कार्यकर्ते असतील तर कितीतरी कुटुंबे कर्जातून वाचतील.

चौथी, शहरी आरोग्य अभियानात वस्तीपातळीवर महिला आरोग्य समित्यांची तरतूद आहे. साधारण पन्नास ते शंभर घरांमागे एक समिती. आपल्या भगिनी वस्त्यांत संस्कारवर्ग, बचत गट चालवतात, त्यांचा घरोघरी परिचय आहे. आपल्या भागात अशी समिती आहे का, ती कागदावर आहे की प्रत्यक्षात, हे त्यांनी पाहावे. नसेल तर ती उभी करण्यास हातभार लावावा. गोवंडीच्या गोवराला जे उत्तर हवे होते, ते इथून मिळू शकते.

पाचवी आणि शेवटची, मत मागायला येणाऱ्याला प्रश्न विचारा, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या विचाराचा असला तरी. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. त्या काळात नागरिकाने दाद कुणाकडे मागायची, हाच प्रश्न होता. उमेदवार दारी येईल तेव्हा त्याला विचारा : आपल्या दवाखान्याची वेळ काय? रात्री अतिदक्षता विभागात कोण असते? रुग्णालय पाडायचे असेल तर मधल्या काळाची व्यवस्था काय? खासगी संस्थेकडे सोपवायचे असेल तर गरिबांच्या किती खाटा, कोणत्या दराने, आणि करार मोडला तर काय? आपल्या माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याला अडचणीत आणणे नव्हे. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्यालाच आपण प्रश्न विचारतो.

मित्रहो, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगालमधल्या एका मजुराच्या खटल्यात निकाल दिला. तो गाडीतून पडून जखमी झाला होता आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून त्याला परत पाठवले होते. तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने सांगितले. निधी नाही, ही सबब चालणार नाही, असेही बजावले. हक्क असा मान्य होऊन अनेक वर्षे लोटली. आता उरले आहे ते काम आपल्या विभागातले आहे. आपल्या घरापासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर ते आहे.

पुढच्या आठवड्यात एखाद्या सकाळी आपल्या विभागातील पालिकेच्या दवाखान्यात जाऊन या. उघडा असेल तर आत जाऊन तिथल्या परिचारिकेला नमस्कार करा. बंद असेल तर तो का बंद आहे ते लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा.